खाडी राखणारं मंडळ : 'सेव्ह द बे'ची सहा दशकं

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादकांनी एक सूचना केली. आपल्या मंडळाच्या वाटचालीबरोबर, आपण ज्या मुलखात येऊन स्थिरावलो तिथल्या एखाद्या लोकसंस्थेचा इतिहासही छापावा. मी लगेच 'सेव्ह द बे'चं नाव सुचवलं. आपल्यातली कितीतरी कुटुंबं फ्रीमाँट, मिलपिटस, सनीव्हेल, फॉस्टर सिटी अशा खाडीकाठच्या गावांत राहतात. कामावर जाताना डंबार्टनचा नाहीतर सॅन मटेओचा पूल ओलांडतात. भारतातून येणाऱ्या आईवडिलांना विमान उतरताना खिडकीतून लालगुलाबी मिठागरं दिसतात आणि घरी पोचेपर्यंत ते त्यांबद्दल विचारत राहतात. या पुलांखाली आज पाणी आहे ते आपोआप उरलेलं नाही. ते राखलं गेलं आहे, आणि राखण्याची सुरुवात बर्कलीच्या टेकडीवर तीन मैत्रिणींनी केली.

डिसेंबर १९५९ मध्ये 'ऑकलंड ट्रिब्यून' या दैनिकात एक नकाशा छापून आला. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने केंद्रीय वाणिज्य खात्यासाठी एक अहवाल केला होता, त्यातला हा नकाशा. २०२० सालापर्यंत हा प्रदेश कसा वाढेल याचा तो अंदाज होता. सॅन फ्रान्सिस्कोची खाडी दिसायला अथांग, पण बहुतेक ठिकाणी तिची खोली अठरा फुटांहूनही कमी. जिथे पाणी उथळ तिथे भराव शक्य, असा सरळ हिशेब अभियंत्यांनी मांडला होता. त्या हिशेबाने रंगवलेल्या नकाशात खाडीच्या जागी जहाजांपुरता एक अरुंद जलमार्ग शिल्लक राहिला होता, एखाद्या नदीसारखा. खाडी बुजवा असं त्या अहवालात कुणी म्हटलं नव्हतं. पण काठावरच्या प्रत्येक गावाकडे स्वतःच्या भरावाचा आराखडा तयार होता आणि हे सगळे आराखडे एकत्र ठेवले तर काय होईल, ते लोकांनी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

मुंबईकराला भराव म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. सात बेटं जोडून उभं राहिलेलं शहर आपल्या पाठीशी आहे. हॉर्नबी वेलार्डपासून बॅकबेपर्यंतची नावं आपण शाळेत ऐकली आहेत. इथली गोष्टही त्याच जातीची. १८४९ च्या सोन्याच्या लाटेत शेकडो जहाजं बंदरात आली, खलाशी खाणींकडे पळाले आणि टाकून दिलेली जहाजं तशीच भरावाखाली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या आजच्या वित्तीय पेठेचा मोठा भाग त्यावर उभा आहे. पुढे सिएराच्या डोंगरांत पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी टेकड्या फोडून सोनं काढू लागले. तो सगळा गाळ नद्यांमधून वाहत खाडीत आला. १८८४ साली न्यायालयाने त्याला लगाम घातला, तोवर खाडीचा तळ कितीतरी वर आला होता. दक्षिणेकडे खाजणांना बांध घालून मिठागरं झाली, उत्तरेकडे शेती झाली. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी ट्रेझर आयलंड हे आख्खं बेट भराव घालून उभारलं. सॅन फ्रान्सिस्को आणि ऑकलंड हे दोन्ही विमानतळ भरावावरच आहेत. १९६० पर्यंत खाडीचं एक तृतीयांशाच्या आसपास पाणी गेलं होतं आणि भरतीच्या पाण्यावर जगणाऱ्या खाजणांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास नाहीशी झाली होती.

आपल्याला अजब वाटेल अशी एक गोष्ट या सगळ्याच्या मुळाशी होती. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्निया राज्याने भरतीला पाण्याखाली जाणारी जमीन खाजगी लोकांना विकून टाकली होती. रेल्वे कंपन्या, सिमेंट आणि मिठाच्या कंपन्या, जमिनीचे व्यापारी यांच्याकडे पाण्याखालच्या जमिनीचे कागद होते. बाकीची बरीचशी गावोगावच्या नगरपालिकांकडे. प्रत्येक मालक आपापल्या हद्दीत भराव घालायला मोकळा होता. गावांना करापोटी उत्पन्न हवं होतं आणि कचरा टाकायला जागा हवी होती, त्यामुळे काठाकाठाने कचऱ्याचे डेपो पसरले. सांडपाणीही वर्षानुवर्षं खाडीतच सोडलं जात होतं. ओहोटीला वास सुटायचा. सामान्य माणसाने पाण्यापर्यंत चालत जावं अशी जागाच उरली नव्हती. शेकडो मैलांच्या काठापैकी लोकांसाठी खुले होते ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मैल. जिथे जाताच येत नाही त्या पाण्याबद्दल लोकांना माया कुठून वाटणार? माझ्या मते खाडीचा खरा घात इथे होत होता आणि संस्थेने पुढे सर्वांत शहाणपणाचं जे काम केलं तेही याच ठिकाणी केलं. त्याकडे येतोच.

बर्कली शहराने सुमारे दोन हजार एकर खाडी भरायचं ठरवलं, तेव्हा तीन स्त्रिया अस्वस्थ झाल्या. कॅथरीन कर यांचे पती क्लार्क कर हे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष. सिल्व्हिया मॅक्लॉफ्लिन यांचे पती एका मोठ्या खाण कंपनीचे प्रमुख आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे सदस्य. एस्थर ग्युलिक यांचे पती अर्थशास्त्राचे प्राध्यापक. तिघींचीही घरं टेकडीवर, खिडकीतून खाडी दिसायची आणि भरावाचे ट्रकही दिसायचे. चहाच्या वेळच्या गप्पांत विषय निघाला आणि त्यांनी ठरवलं की कुणीतरी काहीतरी करायला हवं. ते 'कुणीतरी' आपणच असू असं मात्र त्यांना सुरुवातीला वाटलं नव्हतं.

जानेवारी १९६१ मध्ये त्यांनी एस्थरबाईंच्या घरी निसर्गरक्षणाच्या क्षेत्रातल्या बड्या मंडळींना बोलावलं. सिएरा क्लबचे डेव्हिड ब्राउअर आले, रेडवुडची जंगलं वाचवणाऱ्या संस्थेचे न्यूटन ड्रूरी आले, पक्ष्यांसाठी काम करणारेही आले. तिघींनी नकाशे मांडले, माहिती दिली. सगळ्यांनी मान्य केलं की प्रश्न गंभीर आहे. मग एकेकाने सांगितलं की आमच्या संस्थेचे हात आधीच भरलेले आहेत: कुणाला रानं वाचवायची होती, कुणाला रेडवुडची झाडं, कुणाला पक्षी. तुम्ही नवी संस्था काढा, आमच्या सभासदांचे पत्ते देतो, असं म्हणून पाहुण्यांनी शुभेच्छा दिल्या आणि निरोप घेतला. ते पत्ते मात्र त्यांनी खरोखर दिले आणि ती मदत मोठी ठरली.

संस्थेचं पहिलं नाव 'सेव्ह सॅन फ्रान्सिस्को बे असोसिएशन'. वर्गणी एक डॉलर. तिघींनी सातशेच्या आसपास पत्रं पाठवली आणि बहुतेकांची उत्तरं वर्गणीसह आली. वर्गणी इतकी कमी ठेवण्यामागे कॅथरीनबाईंचा स्पष्ट विचार होता. मोठ्या देणग्या देणारी पन्नास माणसं आमदाराला फारशी घाबरवत नाहीत. एक डॉलर देणारी हजारो माणसं म्हणजे हजारो मतं. विद्यार्थी, शिक्षिका, निवृत्त माणसं, कुणीही सभासद होऊ शकत होतं. आपल्या मंडळाच्या वर्गणीवर दर वार्षिक सभेत जी चर्चा होते, तिच्यात हा विचार कधीतरी मांडावा असं मला मनापासून वाटतं.

पहिली लढाई बर्कलीच्या नगरपालिकेशी झाली. तिघींनी शहराचा आराखडा ओळ न् ओळ वाचला, तज्ज्ञांना विचारलं आणि भरावाच्या खर्चाचे आकडे मागून घेतले. सभांना लोक आणले. विद्यापीठ गावातच असल्यामुळे भूशास्त्र, जलशास्त्र, नगररचना या विषयांचे जाणकार हाकेच्या अंतरावर होते, याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. प्रत्येक पत्रक निघण्याआधी त्यातली विधानं तपासून घेतली जात. चुकीचा एक आकडा गेला तर पुढच्या शंभर खऱ्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही, ही शिस्त त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळली. दोनएक वर्षांच्या खटपटीनंतर नगरपालिकेने तो आराखडा मागे घेतला.

इथे बहुतेक स्थानिक समित्यांची गोष्ट संपते. आपल्या खिडकीसमोरचं पाणी वाचलं की माणसं घरी जातात. या संस्थेने मात्र त्या विजयातून वेगळाच निष्कर्ष काढला. खाडीला नऊ काउंट्या आणि डझनावारी शहरं लागून आहेत. बर्कलीने भराव थांबवला तरी ऑकलंड घालेल, ते थांबलं तर रिचमंड घालेल. भरतीचं पाणी गावांच्या हद्दी पाळत नाही आणि भरावाचा निर्णय मात्र हद्दीनिहाय होतो. प्रत्येक गावाचा तुकडा छोटा, म्हणून प्रत्येक गाव निर्दोष. खाडी अशी गावागावाने बुजत होती. ती संपूर्ण एकच पाणी आहे असं कायद्याने मानल्याशिवाय ती वाचणार नव्हती. या संस्थेचं थोरपण मला या ओळखण्यात दिसतं. पुढचं सगळं काम याच समजुतीतून झालं.

या विचाराला अभ्यासाचं बळ मिळालं ते मेल स्कॉट यांच्या १९६३ सालच्या पुस्तकामुळे. विद्यापीठाच्या शासनविषयक संस्थेने छापलेल्या 'द फ्यूचर ऑफ सॅन फ्रान्सिस्को बे' या पुस्तकाने खाडीची मालकी कुणाची, कोण कुठे काय भरणार आहे, हे सगळं प्रथमच एकत्र मांडलं. कॅथरीनबाई ते घेऊन थेट सिनेटर यूजीन मॅकअटीर यांच्याकडे गेल्या. मॅकअटीर सॅन फ्रान्सिस्कोचे, एकेकाळी फिशरमन्स व्हार्फवर उपाहारगृह चालवणारे आणि राज्याच्या विधिमंडळातले अत्यंत वजनदार पुढारी. निसर्गप्रेमी म्हणून त्यांची ख्याती नव्हती. पण काम होईल की नाही हे त्यांना अचूक कळायचं आणि एकदा शब्द दिला की ते काम तडीस नेत. तत्त्वाने जवळचा पण दुबळा माणूस शोधण्यापेक्षा समर्थ माणसाला पटवावं, हा त्या निवडीचा अर्थ. १९६४ मध्ये अभ्यास आयोग नेमला गेला, जाहीर सुनावण्या झाल्या, आणि १९६५ मध्ये मॅकअटीर आणि ऑकलंडचे आमदार निकोलस पेट्रिस यांच्या नावाचा कायदा झाला. त्यातून 'बे कॉन्झर्व्हेशन अँड डेव्हलपमेंट कमिशन' हा सत्तावीस सदस्यांचा आयोग जन्मला. आयोग तात्पुरता होता. चार वर्षांत त्याने खाडीचा आराखडा तयार करायचा, आणि तोवर त्याच्या परवानगीशिवाय कुणीही भराव घालायचा नाही.

या मोहिमेच्या वर्षांत सभासदांनी जे केलं ते आजही वाचताना उत्साह येतो. डॉन शेरवूड हे तेव्हाचे अत्यंत लोकप्रिय रेडिओ निवेदक. सकाळी घराघरांत त्यांचा आवाज लागलेला असे. त्यांनी श्रोत्यांना आमदारांना पत्रं लिहायला सांगितलं आणि राजधानी सॅक्रामेंटोत पत्रांचे ढीग पडले. आमदारांच्या टपालात वाळूच्या छोट्या पुड्या येऊ लागल्या, खाडी भरलीत तर पाणी जाईल कुठे असं विचारणाऱ्या. बसगाड्या भरून माणसं सुनावण्यांना गेली. सिमेंट, मीठ आणि जमीन कंपन्यांचे वकील विरुद्ध बाजूला होतेच.

१९६७ मध्ये मॅकअटीर अचानक वारले. त्याच वर्षी रोनाल्ड रेगन गव्हर्नर झाले आणि महिन्याभरात विद्यापीठाच्या नियामक मंडळाने क्लार्क कर यांना अध्यक्षपदावरून दूर केलं. रेगन त्या निर्णयाच्या बाजूने होते. कॅथरीनबाईंच्या घरावर तो मोठा आघात होता. खाडीच्या कामात त्यांनी त्याची कटुता आणली नाही. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९६९ मध्ये, आयोगाला कायमचं रूप देणाऱ्या कायद्यावर सही केली ती याच गव्हर्नर रेगन यांनी. या लढ्यात डेमोक्रॅट होते तसे रिपब्लिकनही होते आणि संस्थेने कुठल्याही पक्षाचा झेंडा हाती घेतला नव्हता, म्हणूनच हे शक्य झालं.

कायद्याचं सूत्र कडक आहे. भराव फक्त अशा कामासाठी घालता येतो ज्याला पाण्यालगतची जागा लागतेच, जसं बंदर किंवा धक्का. जमिनीवर पर्याय नसला पाहिजे आणि भराव कमीत कमी असला पाहिजे. दुसरी अट मला अधिक दूरदृष्टीची वाटते. काठालगतच्या शंभर फुटांच्या पट्ट्यात कुणी बांधकाम करणार असेल, तर शक्य तितका काठ त्याने लोकांसाठी खुला ठेवायचा. कार्यालय बांधा, हॉटेल बांधा, पण पुढची वाट सर्वांची. वर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. लोक पाण्यापर्यंत पोचले की ते स्वतःच पाण्याचे राखणदार होतात. कायद्याआधी वर्षाला सरासरी दोन हजार तीनशे एकर खाडी भरली जात होती, तो वेग नंतर वर्षाला काही एकरांवर आला. १९८० च्या दशकाअखेर खाडीभोवती पाचशे मैलांच्या 'बे ट्रेल'ची आखणी झाली आणि त्यातली साडेतीनशे मैलांहून अधिक वाट आज तयार आहे. रविवारी सकाळी आपण जिथे चालायला जातो तो सनीव्हेलचा किंवा अल्व्हिसोचा बांध त्याच वाटेचा भाग आहे.

१९६८ च्या सुमाराची एक योजना सांगितल्याशिवाय हा काळ पुरा होत नाही. डेव्हिड रॉकफेलर यांच्यासह काही बड्या भांडवलदारांनी सॅन ब्रुनो डोंगराचा माथा कापून ती माती सॅन मटेओ काउंटीच्या पंचवीसएक मैलांच्या काठावर टाकायची ठरवली होती. विमानतळाजवळचा तो डोंगर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आज तो अखंड उभा आहे आणि काठही आहे. पाण्याखालच्या जमिनीच्या त्या जुन्या विक्रीचं काय झालं, तेही इथेच सांगतो. १९८० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बर्कलीच्या खटल्यात ठरवलं की एकोणिसाव्या शतकात राज्याने विकलेल्या आणि अजून भराव न पडलेल्या भरतीच्या जमिनींवर जनतेचा विश्वस्त हक्क कायम आहे. कागद मालकाकडे असला तरी पाणी लोकांचं.

इतकं कौतुक केल्यावर एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. ही चळवळ टेकडीवरून सुरू झाली, सुशिक्षित, सुस्थित आणि वजनदार घरांतून. खाडीकाठी सपाटीवर राहणाऱ्या गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांचे प्रश्न पहिल्या वर्षांत तिच्या यादीत नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेव्ह्यू-हंटर्स पॉइंटमध्ये नौदलाची गोदी १९७४ मध्ये बंद झाली आणि विषारी, किरणोत्सारी कचरा मागे राहिला. १९८९ मध्ये तिचं नाव देशातल्या सर्वांत प्रदूषित जागांच्या यादीत गेलं आणि तिची सफाई अजून चालू आहे. त्याच वस्तीतलं जुनं वीज केंद्र बंद व्हायला २००६ उजाडलं, तेही तिथल्या आयांनी वर्षानुवर्षं दिलेल्या लढ्यामुळे. रिचमंडमध्ये तेल शुद्धीकरण कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्यांचीही हीच कथा. हे लढे त्या वस्त्यांनी स्वतः उभे केले आणि खाडीच्या इतिहासात त्यांचं स्थान टेकडीवरच्या चहाइतकंच मोठं आहे. त्याहून जुना दावा इथल्या मूळच्या ओलोनी लोकांचा. १९०९ मध्ये पुरातत्त्वज्ञ नेल्स नेल्सन यांनी खाडीभोवती त्यांचे चारशेहून अधिक शंखशिंपल्यांचे ढिगारे नोंदले होते. ती पूर्वजांची दफनस्थळं आणि वसतिस्थानं. एमरीव्हिलचा ढिगारा १९२४ मध्ये सपाट केला गेला. बर्कलीच्या ढिगाऱ्याची जागा मात्र २०२४ मध्ये एका आदिवासी स्त्रियांच्या न्यासाकडे परत गेली.

संस्थेच्या पुढच्या पर्वात सिल्व्हियाबाईंनी बर्कलीच्या काठाचाच ध्यास घेतला. रेल्वे कंपनीच्या मालकीच्या त्या काठावर हॉटेलं आणि दुकानं उभारायच्या योजना एकामागून एक येत होत्या. १९८५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'सिटिझन्स फॉर ईस्ट शोअर पार्क्स' ही स्वतंत्र संस्था काढली. २००२ मध्ये बे ब्रिजपासून रिचमंडपर्यंतच्या साडेआठ मैलांच्या काठाचं राज्य उद्यान झालं आणि २०१२ मध्ये त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. जानेवारी २००७ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या विद्यापीठाच्या क्रीडांगणाजवळची ओकची झाडं वाचवण्यासाठी झाडावर चढून बसल्या होत्या. एस्थरबाई १९९५ मध्ये गेल्या, कॅथरीनबाई २०१० मध्ये आणि सिल्व्हियाबाई २०१६ मध्ये. शेवटच्या दोघी नव्याण्णव वर्षं जगल्या.

आपल्या दक्षिण खाडीचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता. इथल्या मिठागरांचे लालगुलाबी रंग अति खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे येतात. पालो आल्टोच्या आसपासच्या नागरिकांच्या प्रयत्नांमुळे १९७२ मध्ये इथे राष्ट्रीय पक्षी आणि वन्यजीव अभयारण्याला मंजुरी मिळाली. पुढे त्याला खासदार डॉन एडवर्ड्स यांचं नाव दिलं गेलं. २००३ मध्ये कारगिल कंपनीकडून सोळा हजार पाचशे एकर मिठागरं दहा कोटी डॉलरला विकत घेतली गेली. पैसे राज्याने, केंद्राने आणि काही खाजगी प्रतिष्ठानांनी मिळून घातले. बांध फोडून भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि खाजण पुन्हा वाढू द्यायचं, असं हे काम. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एवढं मोठं खाजण-पुनरुज्जीवन दुसरीकडे कुठे नाही. गाळ साचतो, मग त्यावर पिकलवीड ही मांसल खोडाची वनस्पती येते. आपल्या कोकणातल्या मोरसच्या भाजीसारखीच ती खारट. मग पाणकोंबड्यांच्या कुळातला 'रिजवेज रेल' परततो आणि खारं पाणी पिऊन जगणारा इवलासा खाजणउंदीरही. रेलची इथली उपजात आणि हा उंदीर जगात फक्त याच खाडीच्या खाजणांत उरले आहेत.

विरोधही थांबला नाही. रेडवुड सिटीजवळच्या चौदाशे एकर मिठागरांवर बारा हजार घरं बांधायची योजना २००९ मध्ये आली. संस्थेने गावोगावच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना तिच्या विरोधात उभं केलं आणि २०१२ मध्ये ती मागे घेतली गेली. २०१९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेने ती मिठागरं स्वच्छ पाणी कायद्याखाली येतच नाहीत असा निर्णय दिला. 'सेव्ह द बे' आणि राज्य सरकार न्यायालयात गेले आणि २०२० मध्ये तो निर्णय रद्द झाला. हे वाचताना मला मुंबई आठवते. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडची अडीचशे एकरांहून अधिक मिठागरं २०२४ मध्ये धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी द्यायचं ठरलं. मिठागर म्हणजे पडीक जमीन, हा समज दोन्ही किनाऱ्यांवर सारखाच आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतरही तो आपल्याकडे टिकावा याचं मला दुःख होतं. वरळीच्या कोळी बांधवांनी मात्र सागरी मार्गाच्या खांबांमधलं अंतर साठ मीटरवरून एकशे वीस मीटर करायला सरकारला भाग पाडलं. आपल्या बोटींच्या वाटेसाठी अभ्यास करून, चिकाटीने लढणारी माणसं आपल्याकडेही आहेत.

७ जून २०१६ रोजी नऊही काउंट्यांमध्ये 'मेझर एए'वर मतदान झालं. प्रत्येक मिळकतीवर वर्षाला बारा डॉलर, वीस वर्षं, म्हणजे एकूण सुमारे पन्नास कोटी डॉलर, आणि ते फक्त खाडीच्या पुनरुज्जीवनासाठी. दोन तृतीयांश मतं हवी होती, सत्तर टक्क्यांच्या आसपास मिळाली. नऊ काउंट्यांनी एकत्र मतदान करून स्वतःवर कर बसवून घेतला असं आधी कधीच झालं नव्हतं. 'एकच पाणी' ही कॅथरीनबाईंची समजूत पंचावन्न वर्षांनी मतपत्रिकेवर आली. आपल्या मालमत्ता कराच्या बिलावर ते बारा डॉलर दिसतात, जरूर पाहा.

आता प्रश्न उलटा झाला आहे. खाडी लहान होऊ नये म्हणून संस्था जन्मली, आणि समुद्राची पातळी वाढत असताना खाडी मोठी होऊन काठावर येते आहे. याचा पहिला फटका कुणाला बसेल हे सॅन होजेतल्या अल्व्हिसोत दिसतं. भूजलाच्या बेसुमार उपशाने सॅन होजेची जमीन विसाव्या शतकात काही ठिकाणी तेरा फुटांपर्यंत खचली. मेक्सिकन कष्टकऱ्यांची ती छोटी वस्ती समुद्रसपाटीच्या खाली गेली आणि १९८३ च्या पुरात बुडाली. फॉस्टर सिटीच्या रहिवाशांनी २०१८ मध्ये नऊ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर करून आपला बांध उंच करून घेतला. अल्व्हिसोसारख्या वस्तीकडे एवढी ऐपत नाही. एका गावाने भिंत उंच केली की पाणी शेजारच्या गावाकडे वळतं, म्हणून १९६१ चा धडा पुन्हा गिरवावा लागतो आहे. २०२३ च्या राज्य कायद्याने काठावरच्या प्रत्येक शहराला समुद्रपातळी वाढीचा आराखडा करणं बंधनकारक केलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच खाडी आयोगाने सगळ्या प्रदेशासाठी एक सामाईक चौकट मंजूर केली. भिंतीपुढे रुंद, जिवंत खाजण असेल तर लाटेचा जोर आधीच मोडतो आणि भिंत कमी उंचीची चालते. म्हणून पुनरुज्जीवन आणि पूरसंरक्षण ही आता एकाच कामाची दोन अंगं झाली आहेत. संस्थेची आजची मागणी अशी की हा पैसा आधी अल्व्हिसो, पूर्व पालो आल्टो, रिचमंड अशा वस्त्यांकडे जावा. साठ वर्षांपूर्वी जे राहून गेलं होतं ते आता तिच्या कामाच्या मध्यभागी आलं आहे.

प्रत्यक्ष मातीतलं कामही चालू असतं. संस्थेच्या रोपवाटिकेत फक्त स्थानिक खाजणवनस्पतींचं बी वापरतात, तेही जिथे लावायचं तिथल्याच आसपासचं. उन्हाळ्यात तण काढणं, बी गोळा करणं, कुंड्या धुणं. लागवड पावसाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण नंतर इथे महिनोन् महिने पाऊस नसतो आणि नव्या रोपांना मुळं धरायला तेवढीच मुदत मिळते. लहान मुलांनाही घेतात, फक्त त्यांच्यासोबत मोठं माणूस असावं लागतं. हातमोजे आणि अवजारं संस्था देते. चिखलात चालतील असे जुने बूट आपले आपण न्यायचे, आणि नाव आधी नोंदवायचं. येत्या हंगामात आपल्या मंडळातर्फे एक गट न्यायचा विचार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी ऑक्टोबरच्या सभेत कार्यवाहांकडे नाव द्यावं.